दगडीपाल्याची पालखी

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी आमच्या डिंगोऱ्यात दोन हात कापले गेले. पहिला हात पुण्याहून दिवाळीला आलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातवाचा. अंगणात शिवनेरी उभारायचे काम चालू होते. बुरुजाला आधार म्हणून आणलेल्या पत्र्याची कड त्याच्या तळहाताला लागली. दुसरा हात माझ्या चुलतभावाच्या शेतात सोयाबीन सोंगायला आलेल्या ठाकरवाडीच्या एका बाईचा. मुठीत ताटे धरून विळा ओढताना तो निसटला आणि डाव्या करंगळीच्या मुळाशी, आतल्या बाजूला बसला. दोन्ही जखमांवर एकाच बांधावरचा दगडीपाला चोळण्यात आला. येथपर्यंत समता होती. पुढे नातवाच्या आईने पाल्याने हिरव्यागार झालेल्या तळहाताचा फोटो काढला, तो नातेवाइकांना कौतुकाने पाठवला, आणि अर्ध्या तासाच्या आत मुलाला मोटारीत घालून ओतूरला नेले. तेथे जखम धुतली, इंजेक्शन दिले, पांढरी स्वच्छ पट्टी बांधली. बाईला मात्र माझा चुलतभाऊ म्हणाला, "तुम्हाला आम्ही काय सांगायचं मावशी? हे तर तुमचंच औषध!"

या एका वाक्याशी माझे भांडण आहे.

वाक्य ऐकायला किती गोड आहे पाहा. त्यात आदर आहे, नम्रता आहे, परंपरेचा अभिमान आहे. फक्त मोटार नाही.

माझा चुलतभाऊ काही दुष्ट माणूस नव्हे. मजुरांना तो चहा वेळेवर पाजतो आणि हिशेबात कोणाचा पैसा ठेवत नाही. खरे सांगायचे तर हे वाक्य त्याच्या तोंडी ज्यांनी घातले त्यांत मीही आहे. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका समारंभात मी आजीबाईच्या बटव्यावर तासभर बोललो होतो. रानातला पाला कसा अमृतासमान, आपण तो कसा विसरलो, परदेशी मलमांच्या नादी कसे लागलो, वगैरे. टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर खाली उतरताना पायरीला ठेच लागली, तेव्हा मी खिशातून औषधाची पट्टीच काढली होती. पण ते कोणी पाहिले नाही. दगडीपाल्याच्या पालखीचा मी जुना भोई आहे, म्हणूनच ती कोणाच्या खांद्याला काचते ते मला ठाऊक आहे.

ज्यांना शाळेत अनवाणी जाण्याचे भाग्य लाभले नाही अशा वाचकांसाठी प्रथम या पाल्याची ओळख करून देतो. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचे गाव आहे. रस्त्याची कड, बांध, पडीक रान, घराची पडकी भिंत, जेथे दुसरे काही उगवायला लाजते तेथे ही वनस्पती पसरलेली असते. पाने दातेरी व लवदार. जमिनीलगतच्या फांदीतून एकच लांब दांडी वर निघते आणि तिच्या टोकाला पिवळ्या पोटाचे, फिकट पांढऱ्या पाकळ्यांचे छोटे फूल डोलते. म्हणून तिला एकदांडी म्हणतात. कोणी कंबरमोडी म्हणतात, कोणी जखमजोडी. आम्ही दगडीपालाच म्हणतो. खुरपे लागले, उसाच्या पात्याने पोटरी चिरली, गुडघा फुटला, की हा पाला खुडायचा, तळहातावर चुरगळायचा आणि हिरवा रस जखमेत पिळून वरून चोथा दाबून धरायचा. झोंबते, पण रक्त थांबते. हे मी स्वतः शंभरदा केले आहे आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

ते का थांबते, हे मात्र कोणी विचारत नाही. अनेक झाडपाल्यांत तुरट द्रव्ये असतात. त्यांनी कातडीतली प्रथिने आक्रसतात आणि बारीक केशवाहिन्यांचे झिरपणे कमी होते. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला आणि शेजारच्या आंबेगावात आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात जो हिरडा गोळा करतात त्याचाही गुण हाच. म्हणूनच तो कातडी कमावण्याच्या कामी येतो, आणि जुन्या माणसांनी तो उगाळून फोडांना लावला. तेव्हा पाल्यात काही नाही असे नव्हे. पण पाला दाबून धरणारा अंगठा कोणी हिशेबात धरला आहे काय? निरोगी माणसाची छोटी जखम पाचदहा मिनिटे नुसती दाबून धरली तरी रक्त बहुधा थांबते. निम्मे काम अंगठ्याचे, आणि मिरवणूक सगळी पाल्याची! प्रयोगशाळांतून उंदरांवर दगडीपाल्याचे प्रयोग झाले आहेत. काहींत तो उपयोगी दिसला हेही खरे. पण उंदराच्या पाठीवर जखम स्वच्छ हत्याराने, मोजून मापून केलेली असते. उंदीर शेणाने भरलेल्या गोठ्यात अनवाणी चालत नाही आणि उक्ते घेतलेले सोयाबीन अंधार पडायच्या आत सोंगायची घाईही त्याला नसते.

आता मौज ऐका. ज्या पाल्याला आपण ऋषिमुनींचा वारसा म्हणून डोक्यावर घेतले तो मुळी या देशाचा नव्हे. दगडीपाला अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. लिनियसने 1753 साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. युरोपच्या गलबतांनी तिकडची वाट शोधल्यानंतर तो केव्हातरी जगभर पसरला. चरकाला तो ठाऊक असणे शक्य नव्हते, सुश्रुतालाही नव्हते. तरी त्याला मागाहून संस्कृत नाव चिकटवून प्राचीन ठरवणारे लेख मी वाचले आहेत. त्याच खंडातून आलेला टोमॅटो आज नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या क्रेट उतरतो. त्याला कोणी वैदिक म्हणत नाही. दारावर आपण उद्या ज्याचे तोरण बांधू तो झेंडूही मेक्सिकोकडचाच. त्याचा पालाही लोक जखमेवर पिळतात. तोरण त्यामुळे विटाळत नाही आणि दगडीपालाही हलका ठरत नाही. उलट मला तर ही गोष्ट अभिमानाची वाटते. पण अभिमान कोणाचा धरायचा? पोथीचा नव्हे. परक्या देशातून आलेले, अंगाखांद्यावर वाढलेले एक तण कोण्या निंदणाऱ्या बाईने, कोण्या गुराख्याने, कोण्या ठाकराने चुरगळून पाहिले, लावून पाहिले, कोठे चालते आणि कोठे चालत नाही ते ध्यानात ठेवले, आणि लेकीसुनांना सांगितले. हे ज्ञान हाताने मिळवलेले आहे. त्याच हाताला आपण "तुमचंच औषध" म्हणून वाटेला लावले.

अभिमानाची गोष्ट निघाली की हळदीची कथा निघतेच. ती आपण इतक्या वेळा सांगितली आहे की तिचा अर्थच उलटा झाला आहे. 1995 साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एक पेटंट दिले गेले. घेणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचे होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, 1996 साली त्याला हरकत घेतली. बत्तीस दाखले पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात 1953 साली आलेला एक लेखही होता. 1997 साली पेटंट रद्द झाले. फार मोठा विजय, आणि गोव्याच्या माशेलात जन्मलेल्या मराठी माणसाच्या कारकिर्दीतला, म्हणून आपल्याला दुप्पट आनंद. पण खटला कशाबद्दल होता? हळद गुणकारी आहे की नाही, याबद्दल नव्हे. हळदीचा हा उपयोग नवा नाही, जुनाच आहे, एवढेच सिद्ध करायचे होते आणि तेवढेच सिद्ध झाले. एखादी गोष्ट आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे, असा दाखला आपण अमेरिकेकडून मिळवला. तो आपण बरे होण्याचा दाखला म्हणून भिंतीवर टांगला! आजही कोणी जखमेत हळद कोंबू नका म्हटले की उत्तर येते, "अहो, अमेरिकेला झुकवलं आपण." अमेरिका झुकली म्हणून डब्यातल्या हळदीतले जंतू मरत नाहीत. आजी हळकुंडे घरी कांडून ठेवत होती. आजच्या सुट्या पुडीत काय काय रंग मिसळतात याच्या बातम्या आपण वाचतो. आणि शुद्ध असली तरी ती भाजीत घालण्यासाठी दळलेली असते, उघड्या मांसात भरण्यासाठी नव्हे.

आजीची आठवण काढलीच आहे तर तिची साक्षही काढतो. पालखी तिच्या नावाने निघते. तिला काय म्हणायचे होते ते एकदा ऐकले पाहिजे.

माझी आजी डिंगोऱ्यात पाल्याची जाणती म्हणून प्रसिद्ध होती. कोणी जखम घेऊन आले की ती पाला शोधायला धावत नसे. आधी प्रश्न. कशानं लागलं? कुठं लागलं? किती येळ झाला? मग म्हणायची, "बोटं हालीव बरं." हालली की जखमेवर कढवून निववलेल्या पाण्याची धार. माती निघेपर्यंत धार. पोर कितीही ओरडो. एवढे झाल्यावर ती पाल्याकडे वळे, आणि पुष्कळदा वळतही नसे. खिळा टोचलेला असला, काटा आत मोडलेला असला, जनावर चावलेले असले, तर हात झटकून म्हणे, "हे माझं न्हाय. जुन्नरला न्या." तिचे एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होते: "पाला वरच्या घावाचा. आतल्या घावाला पाला घातला की घाव आत कुजतो."

पानशेत फुटले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1962 साली, श्रावणी सोमवारी आजी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेला गेली होती. त्या दिवशी माझ्या धाकट्या चुलत्यांच्या तळपायात गोठ्यातला गंजका खिळा घुसला. खिळा त्यांनी स्वतःच उपटला. रक्त फारसे आले नाही. खोल टोचलेल्या जखमेचा हाच दगा असतो: तिचे तोंड एवढेसे असते. घरात होते त्यांनी दगडीपाला चोळला, वर चुलीवरचे काजळ घातले आणि ताज्या शेणाचा पोटीस बांधला. आजी तिन्हीसांजेला परतली. पायाकडे पाहिले मात्र आणि ती जी ओरडली, ते मला अजून ऐकू येते. तिने शेण खरवडून काढले, पाणी ओतले, रात्रीच जुन्नरला न्या म्हणून ती भांडली. चुलते हसले. पाय दुखत नव्हता, शेतात काम होते. नवव्या दिवशी भाकरीचा घास तोंडात गेला आणि जबडा मिटेना. दुसऱ्या दिवशी दातखीळ बसली. मग पाठ धनुष्यासारखी वाकू लागली. पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. ते सव्वीस वर्षांचे होते. काकू बावीस.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, जनावरांच्या आतड्यात असतात, म्हणून शेणात असतात. त्यांची बीजे उन्हाने मरत नाहीत. उकळत्या पाण्यालाही सहजी दाद देत नाहीत. मोकळी हवा त्यांना सोसत नाही. त्यांना हवी असते खोल, बंद जागा. खिळ्याने केलेल्या भोकावर शेणाचा लेप देणे म्हणजे त्यांना घर सारवून देणे आहे. आत त्यांचे विष तयार होते, ते नसांच्या वाटेने वर चढते आणि पहिल्यांदा जबडा धरते. यावरची लस चुलते गेले तेव्हा जगाला कित्येक वर्षे ठाऊक होती. आपल्या देशात ती सर्व मुलांपर्यंत व गरोदर बायांपर्यंत पोचवण्याचा मोठा कार्यक्रम 1985 साली सुरू झाला. त्याआधी विळ्याने नाळ कापून बेंबीला राख आणि शेण लावलेली किती बाळे आठव्या दिवशी दूध सोडत आणि किती घरांत त्याला दृष्ट म्हणत, हे ज्या पिढीने पाहिले ती आता थोडी उरली आहे. बाळंतिणीचा व नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटला, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले ते 2015 साली. इतक्या अलीकडे! ते पाल्याने झाले नाही. सुईने, साबणाने आणि नव्या कोऱ्या पात्याने झाले. आणि पायी वाड्यावस्त्या तुडवणाऱ्या परिचारिकांनी केले. त्यांची पालखी कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

मुलांना आज दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही ही सुई मिळते. त्यानंतर बाईला बाळंतपणात मिळते. पण शेतात राबणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषाला शेवटची सुई कधी टोचली होती ते त्याला स्वतःला सांगता येत नाही. दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पाल्याचे गुण मात्र त्याला सगळे सांगतात.

येथे कोणी विद्वान उठून म्हणतील, "शेणाचा दोष पाल्यावर का लादता? आमच्या शास्त्रात शेण भरा असे कोठे आहे?" बरोबर आहे. शास्त्रात काय आहे तेच आपण पाहू. सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम सांगितले आहेत. साठ! आणि त्यांचा क्रम असा की आधी शोधन, मग रोपण. आधी घाण काढा, धुवा. भरून आणण्याचे मागाहून. कोणता व्रण साध्य, कोणता असाध्य, याची छाननी पदोपदी आहे. मर्मे सांगताना तर तो म्हणतो की पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या जागी वेध झाला तर आचके येऊन मरण येते. शरीर धनुष्यासारखे वाकवणाऱ्या रोगाचेही वर्णन त्या ग्रंथात आहे. म्हणजे पायाला टोचलेल्या जखमेची भीती त्या काळच्या शस्त्रवैद्याला होती, माझ्या अडाणी आजीला होती. ती गेली फक्त आपली, शिकल्यासवरलेल्यांची! आजी आणि सुश्रुत यांची भेट झाली असती तर दोघांचे चांगले जमले असते. दोघांनाही नाही म्हणता येत होते.

आपण पाला ठेवला आणि नकार फेकून दिला, ही माझी तक्रार आहे. आजीच्या विद्येत पाला चार आणे होता. बारा आणे ओळख होती, धुणे होते, आणि "हे माझं न्हाय" होते. बाटलीत काय भरता येते? पालाच भरता येतो. प्रदर्शनात सुंदर कागदी पिशवीतून मिळणाऱ्या मलमावर आजीचे चित्र असते. चित्रातली आजी हसते. ती कोणालाही जुन्नरला पाठवत नाही. मलम विकणाऱ्याने नाही म्हणून कसे चालेल? आणि ज्यांच्याकडून ही पारख आली त्यांचा हिशेब तर विचारूच नका. 2001 साली परंपरेच्या ज्ञानाची सरकारी संगणकीय नोंद सुरू झाली, ती ग्रंथांतून. 2023 साली जैवविविधतेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्याला लाभाचा वाटा देण्यातून सूट मिळाली. ठाकरवाडीच्या बाईने तर कोणताही ग्रंथ लिहिलेला नाही.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवतो, नाहीतर डॉक्टरमंडळी उगाच खूश व्हायची. पाला दिसला की नाक मुरडणाऱ्यांनी या कामी काही कमी नुकसान केलेले नाही. मजूर हात धरून येतो आणि पहिला प्रश्न ऐकतो, "काय चोपडून आलास हे?" प्रश्न बरोबर आहे, आवाज चुकीचा आहे. एकदा असा आवाज ऐकला की पुढल्या वेळी तो येत नाही. आला तर पाला धुऊन, तोंड मिटून येतो. एका वाक्यात सांगता आले असते की बाबा, आधी साबण आणि वाहते पाणी, मग तुझा पाला लावायचाच असेल तर खरचटलेल्या जागी लाव, खोल जखमेत नको. स्वच्छ नळाचे पाणी साध्या जखमेला पुरते, महागड्या द्रावणांवाचून अडत नाही, हे आता डॉक्टरांचेच शास्त्र सांगते. भाजल्यावर, विशेषतः या फटाक्यांच्या दिवसांत, वीस मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली हात धरावा. शाई नको, दंतमंजन नको, कोरफडही त्या घाईत नको. कुत्रे चावले तर लोक अजून चुना आणि तिखट भरतात. तेथे पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन तडक लस घ्यायला पळायचे असते. ज्याला साखरेचा आजार आहे त्याच्या तळव्याला तर जखम झाल्याचे कळतसुद्धा नाही. पाला चोळत बसणारे असे पाय मी आमच्याच आळीत काळे पडलेले पाहिले आहेत. माझे स्वतःचे मत विचाराल तर खरचटण्यालाही पाण्यावाचून फारसे काही लागत नाही. पण कोणी पाला लावलाच, तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. बांधावर पाणी पंधरा मिनिटांच्या वाटेवर असते आणि पाला पायाखाली. ज्याने तेथे काम केले आहे त्याला पाल्याचा मोह कळतो.

आता त्या बाईंच्या हाताचे सांगतो.

पाला दाबल्यावर रक्त थांबले. चिंधी बांधून त्या पुन्हा वाफ्यात उतरल्या. संध्याकाळी मजुरी घेताना त्या चुलतभावाला म्हणाल्या, "दादा, बोट मिटना." तो म्हणाला, सूज आहे, उतरेल. मी तेथे ओट्यावर बसलो होतो. नातवाची पट्टी कशी छान बसली आहे ते पाहत होतो. "बोटं हालीव बरं" हे चार पिढ्यांचे वाक्य माझ्या कानात होते, आणि ते मला त्या वेळी आठवले नाही. मला ते आठवले तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, जेव्हा त्या दळण घेऊन जाताना भेटल्या आणि चार बोटांनी पिशवी धरलेली दिसली. करंगळी ताठ बाहेर. मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, आवाजही बरा होता. जखम वरून छान भरली होती; पाल्याच्या कीर्तीला बाध येईल असे काहीच नव्हते. आत बोट मिटवणारी दोरी, जिला डॉक्टर कंडरा म्हणतात, ती तुटली होती. पहिल्या काही दिवसांत आणले असते तर जोडता आली असती. आता तिचे टोक हातात वर ओढले गेले होते. मोठी शस्त्रक्रिया पुण्यात होईल, खर्च आणि तीन महिने हात बांधून ठेवणे, आणि तरी पूर्वीसारखे मिटेल असे नाही. बाईंनी सगळे ऐकून घेतले. विचारले, "तीन महिने सोंगणी कोण करील?"

त्या परत निघाल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला दगडीपाला दाट फुलला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी अपराधी बोललो. त्या म्हणाल्या, "पाल्याची काय चूक? आमच्यात बी खोल घावाला पाला नाय घालीत. मी सांगितलं व्हतं दादाला, मिटना म्हणून." म्हणजे ज्यांचे औषध त्यांना त्याची हद्द ठाऊक होती. नव्हती ती त्यांना औषधाचे दान करणाऱ्याला आणि ओट्यावर बसून पाहणाऱ्या त्या माजी वक्त्याला.

या वर्षी पाऊस उघडल्यावर मी चुलतभावाकडे तीन गोष्टी मागितल्या. शेतावर सोंगणीच्या दिवशी साबण आणि पिण्याच्या पाण्याचा एक भरलेला हंडा वेगळा ठेवायचा. विळा लागला तर मोटारसायकल घरचीच, पेट्रोल घरचे, आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. आणि सोंगणीला येणाऱ्या प्रत्येकाची, बाई असो वा पुरुष, धनुर्वाताची सुई आधीच टोचून घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती मिळते, लागेल तो अर्धा दिवस आपला. त्याने सगळे शांतपणे ऐकले. पेट्रोलाला लगेच कबूल झाला. अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर घोटाळला. "मग शेजारी काय म्हणतील? सगळ्यांना द्यावी लागेल," म्हणाला.

"द्यावी लागेल," मी म्हणालो.

"बघू," तो म्हणाला.

सोयाबीनच्या शेंगा वाळत आल्या आहेत. उक्ते ठरवायला ठाकरवाडीची माणसे येत्या रविवारी यायची आहेत, त्यांत त्या बाईही आहेत. तोवर त्याच्या ओट्यावर मी रोज जाऊन बसणार आहे.